बाबा कोण होणार?

प्रिय लंबू,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. तुझा तो वेल्डर मित्र सुट्टी संपवून परवा तिकडे निघतोय आणि पाकीट न्यायला तयार झालाय, म्हणून लिहायला बसले. गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस की हा पूल आता संपत आला, पुढच्या पुलाच्या कामावर आणखी तीन वर्षांसाठी सही करू का. मी म्हटलं, लिहून कळवते. तू हसलास. हातात फोन असताना पत्र कसलं लिहितेस, म्हणालास. हस बापड्या. फोनवर माझ्या एका मांडीवर धाकटा असतो, खांद्यावरून थोरली डोकावत असते आणि तुझ्याकडून निम्मा वाराच ऐकू येतो. त्या गोंधळात तीन वर्षांचं उत्तर कसं देणार? महिनाअखेरीला तुला कंपनीला सांगायचंय ना, त्याच्या आत हे तुझ्या हातात पडेल.

दुकानातूनच लिहितेय. या वेळी गिऱ्हाईक नसतं. आमचे मालक, चष्मेवाले काका, आतल्या खोलीत खुर्चीवर मान टाकून बसलेत. याला ते डोळ्यांना विश्रांती म्हणतात, बाहेरपर्यंत आवाज येतो ती गोष्ट वेगळी. सकाळी एक आजोबा आले होते, स्वतःच्याच चष्म्यावर बसले होते आणि दोष सुनेला देत होते. मी काड्या सरळ करून दिल्या, नाकावरच्या गाद्या बदलून दिल्या. जाताना म्हणाले, आता सून नीट दिसते हो. काका त्यावर तासभर हसत होते.

आपली सकाळ तुला आठवत असेल तशी आता राहिली नाही. आधी कसे माझ्या नाकी नऊ यायचे, एकाचा मोजा सापडायचा तर दुसऱ्याची बाटली गायब. आता थोरलीनं कारभार हातात घेतलाय. चौथीतली पोर, पण कंबरेवर हात ठेवून उभी राहिली की मलाही आपलं काही चुकलंय की काय असं वाटतं. रात्रीच दोघांची दप्तरं दाराशी लावून ठेवते. सकाळी धाकट्याला उठवायचं काम तिचं, न्हाणीघरातून बाहेर काढायचं काम माझं, कारण तो आत जाऊन गाणी म्हणत बसतो आणि पाणी अंगावर घ्यायचं विसरतो. नाश्त्याला तो अंड्यातला पांढरा भाग खातो आणि ती पिवळा, त्यामुळे एका अंड्यात दोघांचं भागतं आणि भांडणही होत नाही. बाकी सगळ्यावरून होतं. जिन्यात पुढे कोण, कोपऱ्यावरच्या मांजराला आधी कोणी पाहिलं, आईचा उजवा हात कोणाचा. तू तिकडे क्रेननं टनावारी लोखंड उचलतोस, इकडे पहिलीतलं दप्तर उचलून माझा खांदा भरून येतो. काय भरतात त्यात कोण जाणे. मध्यंतरी धाकट्याच्या दप्तरातून एक अख्खी वीट निघाली. का आणलीस म्हटलं, तर चांगली होती म्हणाला.

त्याचा पुढचा दात पडला. फोनवर त्यानं तुला दाखवलाही होता, पण तेवढ्यात तुझं चित्र थिजलं. तू परत दिसलास तोपर्यंत तो खाली खेळायला पळाला होता.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता. प्लंबर आज येतो, उद्या येतो करत आठवडाभर खेळवत राहिला. शेवटी माझं डोकं फिरलं. तुझी हत्यारांची पेटी माळ्यावरून काढली, थोरलीनं बॅटरी धरली, धाकट्यानं सल्ले दिले आणि आम्ही वायसर बदलला. पहिल्यांदा सगळ्यांच्या तोंडावर फवारा उडाला, कारण मी मेन कॉक बंदच केला नव्हता. पण झालं बाबा काम, थेंब नाही गळत आता. पेटी परत माळ्यावर ठेवली नाही, ओट्याखालीच ठेवलीय, हाताशी असलेली बरी.

एक बातमी तुला अजून कोणी सांगितली नाही. थोरलीला चष्मा लागला, झाले की बरेच दिवस. तिच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं की ही फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून लिहिते. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर लोकांच्या पोरांना तक्त्यासमोर बसवून अक्षरं वाचायला लावणारी मी आणि माझ्याच पोरीला फळा दिसत नाही. काकांनी स्वतः तपासलं. फ्रेम निवडायला तिनं अर्धं दुकान खाली काढलं आणि शेवटी गोल, निळी घेतली. छान दिसते, जरा शहाणी दिसते, आणि ते तिलाही माहीत आहे. पहिल्या दिवशी घरी येताना झाडाकडे बघत थांबली आणि म्हणाली, आई, पानं वेगवेगळी दिसतात गं.

आता तू म्हणशील, मग मला कशी दिसली नाही ती चष्म्यात. रविवारी तुझा फोन वाजला की ती चष्मा काढून डबीत ठेवते. मला वाटलं, लाजत असेल, बाबा चिडवतील म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाली, तसं काही नाही गं, पण बाबांना मग सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. कधी लागला, नंबर किती, बाई कोण, शेजारची मुलगी कोण, आणि तेवढ्यात फोन संपतो. मी तेव्हा हसले. मलाही ते पटलं, असं म्हण. तिनंच तुला सांगावं म्हणून मी गप्प राहिले आणि रविवार जात राहिले.

तुला आठवतं, धाकटा पोटात होता तेव्हा तुझी क्रेन इथेच, गावाबाहेरच्या गोदामांच्या कामावर होती? थोरली दुपारी गच्चीवर जाऊन टॉवेल हलवायची आणि तू क्रेनचा हुक जरासा डावीकडे-उजवीकडे झुलवायचास. मुकादमानं तुला त्यावरून झापलंही होतं. तरी दुसऱ्या दिवशी परत झुलवलास. ती अख्ख्या गल्लीत सांगत सुटायची की माझे बाबा मला टाटा करतात. परवा तिनं ही गोष्ट धाकट्याला सांगितली. त्याला खोटीच वाटली. एवढी मोठी क्रेन कोण कशाला टाटा करायला वापरेल, असं त्याचं म्हणणं.

तर तुझ्या सहीबद्दल. खरं सांगते, रविवारी फोन ठेवला तेव्हा माझं उत्तर ठरलेलं होतं, कर सही. तुझं पैशाचं म्हणणं खरंच आहे, त्यात मी वाद घालणार नाही. तू तिथे मजा मारायला राहिलेला नाहीस हे मला कोणी सांगायला नको, पत्र्याच्या खोलीत चार माणसांत झोपतोस आणि उन्हात लोखंडी केबिनमध्ये भाजून निघतोस. आणि इकडे आमचं छान बस्तान बसलंय. मुलं रडत नाहीत, हट्ट करत नाहीत, दोघांचा अभ्यास बरा आहे, नळसुद्धा दुरुस्त झाला. काळजी करू नकोस, असं एका ओळीत लिहून द्यावं असंच मनात होतं.

मग बुधवार आला. शाळा अर्धीच होती, मलाही सुट्टी होती. मी ओट्याशी बटाटे सोलत होते आणि बाहेरच्या खोलीत दोघांनी घर-घर मांडलं होतं. शेजारच्यांची छोटी पण होती, ती बस ड्रायव्हरची. खुर्च्यांवर चादर टाकून घर झालं. आई अर्थातच थोरली. माझी पर्स खांद्याला, आवाजही माझाच, मी एकदाच सांगणार आहे असं म्हणून तीच गोष्ट चारदा सांगत होती. ऐकून मला माझीच लाज वाटली. मग प्रश्न आला, बाबा कोण होणार. कोणी तयार होईना. धाकटा म्हणाला, मी नाही, मी मागच्या वेळी झालो होतो. मला गंमत वाटली, म्हटलं बाबा व्हायला यांना एवढं काय जड जातंय. शेवटी सगळ्यात लहान म्हणून छोटीच्या गळ्यात ते पडलं.

बाबाचा खेळ काय असतो, ते मग कळलं. बाबानं आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसायचं. हाक आली की तिथून ओरडायचं, आवाज येतोय का? यांनी इकडून ओरडायचं, येतोय. मग बाबानं विचारायचं, जेवलात का, अभ्यास करता ना, बरं आईला द्या. झालं, बाबाचं काम संपलं. पुढची हाक येईपर्यंत तिथेच बसायचं. कंटाळवाणं काम, कोण घेणार? छोटी बसली थोडा वेळ. मग आपली उठून बाहेर आली आणि चादरीखाली शिरून म्हणाली, मी आता जेवायला घरी आले. तिचे बाबा रोज संध्याकाळी येतात ना जेवायला. यावर थोरली रागावली वगैरे नाही. एखाद्या नवीन भिडूला नियम समजावून सांगावा तसं तिनं तिला सांगितलं की असं नसतं, बाबा आत यायचे नसतात. धाकटा म्हणाला, आऊट आऊट. छोटी बिचारी परत जाऊन पलंगावर बसली.

मी सोललेला बटाटा हातात घेऊन तशीच उभी राहिले. लंबू, कोणी दुःखी नव्हतं रे. तुझ्या डोळ्यांसमोर रडवेली तोंडं येतील म्हणून मुद्दाम लिहितेय. मजेत खेळत होती. घरात सगळं होतं, जेवण होत होतं, भांडणं होत होती, आई ओरडत होती. नियम एवढाच होता की बाबा आत येत नाहीत, आणि त्यात त्यांना काही खटकत नव्हतं. मला वाटलं बाहेर जाऊन त्यांना सांगावं की असं नसतं. पण काय तोंडानं सांगणार? त्यांनी जे पाहिलंय तेच ती खेळत होती.

त्या दिवसापासून मी माझ्याकडे बघतेय. पूर्वी दिवसभरात काही झालं की मनात यायचं, हे याला सांगायचं, आणि रविवारपर्यंत ते मी जपून ठेवायचे. वीट निघाली तेव्हा मी ते काकांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, आणि रविवारी तुला सांगायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. नळाचंही तसंच. मागच्या सुट्टीत तू आलास तेव्हा चमचे कुठे ठेवता म्हणून तीन खण उघडून बघितलेस, आणि मी तुला म्हटलं, तू बस बाहेर, मी देते. तुला वाटलं मी लाड करतेय. तू मधे येत होतास रे. धाकट्याची झोपायची वेळ तू मोडायचास, थोरलीला अभ्यासाच्या वेळी फिरायला न्यायचास, आणि आतल्या आत माझी चिडचिड व्हायची. तुला बसमध्ये बसवून घरी आले तेव्हा रडू येईल असं वाटलं होतं. पण मी पलंगावरची चादर बदलली, चहा केला आणि मला मोकळं वाटलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला वाईट वाटेल हे माहीत असूनही तुला सांगतेय, कारण तुझ्याशिवाय हे कोणाला सांगणार?

म्हणून हे पत्र. फोनवर मी तुला म्हटलं असतं की मुलांना तुझी फार आठवण येते, तर तू समजूत घातली असतीस, तीन वर्षं काय, अशी जातील, असं म्हणाला असतास. पण त्यांना तुझी आठवण येत नाही. आमचं तुझ्यावाचून काही अडत नाही, आणि मला याचीच भीती वाटते. सही करू नकोस. पैशांचं आपण बघू, इथे क्रेनचं काम मिळेल, नाही मिळालं तर दुसरं काहीतरी मिळेल. आलास की सुरुवातीला तुझे हाल होणार आहेत, ते आत्ताच सांगून ठेवते. मुलं तुला ओलांडून माझ्याकडे येतील, तुझ्या हातचं खाणार नाहीत, तू काही सांगितलंस तर आधी माझ्याकडे बघतील. मीसुद्धा दर घडीला तुझ्यावर खेकसेन. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि परत जायचं म्हणू नकोस. चार दिवसांचा पाहुणा म्हणून आम्ही तुला खूप वेळा सांभाळलंय, आता रोजचा माणूस म्हणून तू आम्हाला सांभाळून घे. तू घरात नसलास तरी चालतं, हे मी हल्ली लोकांना हसत हसत सांगते. ते माझं मलाच पुरतं खरं वाटायला लागायच्या आत ये.

अजूनही तुझीच,
मी