फिरलेली दाढ

चिंचवाडी, तालुका पाथर्डी
चैत्र, १९७३

प्रिय शालन,

तुझा बाप चार दिवसांत तुझ्याकडे यायला निघणार आहे. हे पत्र त्याच्या आधी पोचावं म्हणून मी स्वतः पाथर्डीला जाऊन पेटीत टाकणार आहे. तो होस्टेलवर येईल, तोंडाला फडकं बांधलेलं असेल, रडेल. मग खिशातून एक कागद काढील. त्यावर लिहिलेलं असेल की तुझी आई चांगुणा तुला मुंबईत भेटली, ती जिती आहे, खुशाल आहे. त्यावर सही करू नकोस. का ते सांगते. पण मला तिसरीपर्यंतची शाळा, सरळ सांगायला जमत नाही, इकडून तिकडून येईल तसं वाच. आणि सगळं वाचून होईपर्यंत त्याला भेटायला खाली उतरू नकोस.

इकडची हालत काय सांगायची. पाणी नाही. रेशनावर मिलो म्हणून परदेशची लाल ज्वारी मिळते, त्याची भाकरी थापली की मोडते आणि खाल्ली की घशात बसते. दुष्काळी कामावर पिठाची सुकडी देतात ती बरी. तुझ्यासाठी ठेवलेली शेळी गेल्या महिन्यात मेली, वाईट वाटून घेऊ नकोस, तिचंही हाडच उरलं होतं.

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत तू आली होतीस ते रोज आठवतं. मी कपड्याच्या साबणाच्या वड्या आणून ठेवायची आणि तू त्या कोरून दाढा करायचीस. मी लई बोलले तुला. म्हटलं दातांच्या कॉलेजात शिकायला पाठवली आणि ही साबण सोलत बसली. जी दाढ बिघडायची ती तू फेकायचीस, मी उचलायची, तुझ्या बिघडलेल्या दाढांनी मी महिनाभर लुगडी धुतली. पण तू बडबडत बसायचीस ते कानावर पडत होतं. सुळ्याच्या मागं आणि मोठ्या दाढांच्या पुढं ज्या दोन-दोन लहान दाढा असतात त्या उपदाढा. वरच्या पहिलीला दोन मुळं, फांदीच्या बेचक्यासारखी. तिला शेंडेही दोन, गालाकडचा उंच, आतला बुटका. तिच्या पुढच्या अंगाला खळगी असते, नख फिरवलं की लागते, त्यावरून डावी की उजवी ते कळतं. खालच्या पहिलीचा आतला शेंडा नावालाच, ती सुळ्याची धाकटी बहीण. आणि खालच्या दुसरीला कधी दोन शेंडे, कधी तीन. मी म्हटलं, एवढ्याशा दाढेला एवढं पुराण. तू म्हणालीस, मावशी, माणूस जळालं, कुजलं तरी दाढ राहते. तेव्हा मी तुला अभद्र बोलू नको म्हणून चापट मारली होती.

त्याच सुट्टीत तू माझ्या तोंडात तो छोटा आरसा घातलास आणि ओरडलीस. खालची उजवीकडची दुसरी उपदाढ माझी उलटी फिरलेली. उंच शेंडा गालाकडं पाहिजे तो जिभेकडं. तुझीही तशीच. मी म्हटलं, ही आपल्या घरची खूण आहे, माझ्या आईची तशी, माझी तशी, चांगुणाची तशी. लहानपणी जेवताना आम्हा दोघी बहिणींची जीभ त्याच जागी चावायची. मग तू म्हणालीस, मावशी, कॉलेजच्या दवाखान्यात आईच्या वयाची कुणी बाई दात दाखवायला आली की मी आधी तिची खालची उजवी बघते, दुखत कुठंही असो. ते ऐकून मी चुलीकडं उठून गेले.

तुझी आई तुझ्या वयाची असताना कशी होती ते तुला कुणी सांगितलं नाही. ती माझ्याहून धाकटी, आणि तोंडानं माझ्याहून फाटकी. तुझ्या बापाला ती सहन होईना. सहादेवाचा हात पहिल्यापासून सुटा. तू पोटात असताना त्यानं तिला बैलाच्या कासऱ्यानं मारली, पाठीवर वळ असे की चोळी चिकटली होती. तू रांगायला लागलीस तेव्हा खोऱ्याच्या दांड्यानं तोंडावर मारलं. वरच्या डाव्या बाजूची लहान दाढ हलली. गाल एवढा सुजला की डोळा दिसेना. ती तशीच तुला कडेवर घेऊन माहेरी चालत आली. अण्णांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, दात काढणारा वैदू बोलावला. मी तिचं डोकं मांडीत दाबून धरलं होतं. वैदूनं चिमट्यानं ओढली तर कट्टकन आवाज झाला आणि दाढ निघाली ती एकाच मुळाची. दुसरं मूळ आतच मोडलं. तेव्हा आम्हाला काय ठाऊक त्या दाढेला दोन मुळं असतात. ती रक्त थुंकत म्हणाली, लंकाबाई, त्याला म्हणावं अर्धं राहिलंय, ये काढायला. हसत होती. अण्णांनी गाल उतरल्यावर तिला परत सासरी नेऊन घातलं.

मग चार वर्षांनी, तू पाच वर्षांची होतीस, तुझा बाप सकाळीच काठी घेऊन आमच्या दारात. तुमची रांड बांगडीवाल्याबरोबर पळाली म्हणाला. अण्णा काही विचारायला पुढं झाले तर गावादेखत त्यांना काठीनं हाणलं, धोतर सुटेपर्यंत. आई मधे पडली तर तिला लाथ. त्याची भावकी मागं उभी, कुणी हात धरला नाही. म्हणाला, माझ्या विहिरीवर या, माझ्या भावकीसमोर पोरीच्या नावानं अंघोळ करा, मेली म्हणा, मग मी मोकळा. पळालेल्या पोरीच्या नावानं अंघोळ करायची रीत आपल्यात आहे, तुला माहीत आहे. अण्णा गेले. डोक्यातून रक्त येत होतं तसे गेले. मी स्वतः पोहरा टाकून पाणी शेंदलं आणि त्यांच्या डोक्यावर ओतलं. ते म्हणाले, चांगुणा मेली. तुला मी तिथूनच उचलून घरी आणलं, तुझ्या बापानं ना केली नाही. आणि त्यानं दुसऱ्या दिवशी ती विहीर बाभळीच्या काट्यांनी बुजवली. सुतकाचं पाणी आता कोण पिणार म्हणाला. पलीकडं दुसरी खोदली. सगळे म्हणाले, बिचाऱ्याला किती लागलं.

एक गोष्ट मला त्या दिवशीच खटकली होती. त्याच्या अंगणात जात्याचा खालचा दगड एकटाच पडला होता आणि कोंबड्या त्यात पाणी पीत होत्या. वरचा दगड कुठंच नव्हता. मी मनात म्हटलं, कसला संसार याचा, जातं पण अर्धं.

आता ऐक. यंदा त्याची नवी विहीर पण कोरडी पडली. मामलेदाराचा हुकूम आला, पडक्या विहिरींचा गाळ काढा, झरे मोकळे करा. तुझा बाप सोसायटीचा चेअरमन, त्यानं लई आडकाठी केली. ती सुतकाची विहीर हाय, तिच्या वाटंला जाऊ नका म्हणाला. तर आमच्या कामावरची रंगुबाई त्याला तोंडावर म्हणाली, आवो चेअरमन, ही लाल माती भाकर म्हनून गिळतोय आमी, तुमचं सुतक काय कडू लागतंय व्हय. सगळ्या हसल्या. त्याच्या आणि आपल्या, दोन्ही गावच्या बाया कामावर होत्या, त्यात मी. गडी खाली गाळ खणत होते, आम्ही घमेली डोक्यावरून नेऊन शेतात टाकत होतो.

आधी जात्याचा वरचा दगड आला. त्याच्या भोकातून बैलगाडीची साखळी ओवलेली, गंजून एकजीव झालेली. साखळीला बरगड्या अडकल्या होत्या. सगळे मागं सरले. मी सरले नाही. माझ्या घमेल्यात जो गाळ होता त्यात काहीतरी पांढरं दिसलं, मी बोटानं पुसलं. खालचा जबडा, शालन. पुढचे दात गळालेले. तू सांगितलं होतंस ना, एका मुळाचे दात सुक्या हाडातून सुटतात. पण उजवीकडं मोठ्या दाढेच्या पुढं एक लहान दाढ घट्ट बसली होती, मूळ वाकडं असेल म्हणून असेल. मी चिखल पुसला. उंच शेंडा आत, जिभेकडं. मी तिथंच उभी राहून स्वतःच्या तोंडात बोट घातलं. तीच जागा. तीच उलटी.

तेवढ्यात तुझा बाप आला. म्हणाला, जनावराचं हाडूक हाय, काय वास घेत बसलीस, टाक हिकडं. मी म्हटलं, जनावर पळून जातं का बांगडीवाल्याबरोबर. त्यानं जबडा माझ्या हातातून ओढला, दगडावर ठेवला आणि पहार उचलली. ती पहार खाली आली असती तर तुझी आई पीठ झाली असती. मी शेजारचं रिकामं घमेलं दोन्ही हातांनी उचललं आणि काठ त्याच्या तोंडावर घातला. सगळ्या अंगाचा जोर लावून. कट्टकन तोच आवाज झाला, वैदूच्या वेळचा. तो गुडघ्यावर बसला, रक्त थुंकायला लागला, मी परत मारलं. अण्णांच्या डोक्याचं एक आणि आईच्या लाथेचं एक. रंगुबाई आणि चौघीजणींनी मला धरलं नसतं तर मी थांबले नसते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मातीत त्याची वरची डावी लहान दाढ पडली होती, दोन्ही मुळांसकट. तुला कॉलेजसाठी दात पाहिजे होते ना, मी बाटलीत घालून ठेवली आहे. खळगी बघितली. डावीच आहे.

फौजदार आला तेव्हा दुपार उलटली होती. तोवर तुझ्या बापाच्या भावांनी अंगणातला जात्याचा खालचा दगड फोडून रस्त्याच्या खडीत टाकला. विहिरीतला दगड कुणाचाही असेल, त्यांचं म्हणणं. बाई कुणीतरी कामाठीण असेल, पाय घसरून पडली असेल. चांगुणा मुंबईत मजेत आहे, तिच्या पोरीलाच विचारा. यासाठीच तो तुझ्याकडं येतो आहे. माझ्यावर मारहाणीची केस झाली आहे, एक दिवस चौकीत बसवून सोडलं, त्याचं काही नाही.

हाडं नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथला डॉक्टर माणूस बरा दिसला, मला खुर्ची दिली. म्हणाला, बाई, ही तरुण बाई आहे, कवटी मागून फुटली आहे, ती पडून फुटली की मारून ते मी सांगीन. पण कोण ते हाडावर लिहिलेलं नसतं. मग म्हणाला, वरच्या जबड्यात डाव्या बाजूला एका दाढेचं मोडलेलं अर्धं मूळ हाडात राहिलंय, एवढीच खूण. तुझ्या आईनं ते अर्धं मूळ विहिरीच्या तळाशी जपून ठेवलं होतं. मी सांगितलं त्याला वैदूचं, आणि आपल्या घरच्या फिरलेल्या दाढेचंही. तो म्हणाला, तुम्ही तर तिच्या नवऱ्यालाच मारलेल्या बाई, तुमचं कोर्टात कोण ऐकणार. पोटची पोर असेल, तिचे दात तसेच असतील आणि ती समोर उभी राहील तर मी लिहू शकतो.

म्हणून हे पत्र. खालचा जबडा मी फौजदाराला दिलेला नाही. तो तुझ्या बापाच्या ओसरीवर जेवलेला आहे. त्या गडबडीत मी जबडा पदरात बांधला आणि आता तो डालड्याच्या डब्यात, मिलोच्या खाली आहे. पुढच्या सोमवारी सकाळी मी डबा घेऊन नगरच्या त्या दवाखान्याच्या दारात उभी असेन. वरचा जबडा त्यांच्याकडं, खालचा माझ्याकडं, आणि तिसरं तोंड तुझं. तू ये, डॉक्टरसमोर आ कर, आणि तुझ्या शिक्षणातल्या शब्दांत त्याला सगळं सांग, माझ्या शब्दांत ते कोर्टात चालणार नाही. बाप फासावर जाईल म्हणून पाय अडला तर जबरदस्ती नाही, जन्म त्यानंच दिलाय. पण तो खाली येऊन रडायला लागेल तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघू नकोस, आपल्या खालच्या उजव्या दाढेवर जीभ फिरव आणि मग काय ते ठरव. आणि पोरी, दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या तोंडात आता शोधू नकोस. ती सापडली आहे. कुठं पळाली नव्हती.

तुझीच,
लंकामावशी