टाचा टेकत न्हाईत

औरंगाबाद, ९ फेब्रुवारी १९८९

तीर्थरूप आबा,

तुमच्या आणि मायच्या पायावर डोकं ठेवून लिहितो. मी खुशाल हाय, जेवण वेळेवर होतंय. काळजी करू नका.

कंपनीतून सुटल्यावर व्यायामशाळेत जायलोय. उस्ताद खांद्यावर लोखंडी दांडा देऊन बैठका मारायला लावतेत. माझी बैठक अर्धीच होती. खाली जायला लागलं की टाचा उचलतेत अन् मी मागं कलंडतो. उस्ताद म्हणले, "वजन ठेव बाजूला. आधी नुसतं उकिडवं बसायला शीक. खेड्यातला ना तू?"

मला तुमीच दिसलात. बोरीहून आलता तवा माझ्या खोलीत तसेच बसून बशीतून चहा पीत होता, टाचा फरशीला चिकटलेल्या. तेवढ्यात आमचे साहेब दारात आले अन् मी म्हणलो, "आबा, वर बसा. इथं असं बसत नसतेत." तुमी खुर्चीच्या काठावर बसलात. चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी ढोरांचं निमित्त करून गेलात, त्याला तीन वर्षं झाली. पुन्हा आला न्हाईत.

आता रोज सकाळी दाराची चौकट धरून बसतो. आधी टाचांखाली फळी लागायची, परवा ती काढली.

अन् परवाच ताईचं पत्र आलं. तुमचे गुडघे धरलेत, ओसरीवर खुर्ची टाकून बसता म्हणं. तेल कोण लावून देतं?

मला बसता यायला लय उशीर झाला, आबा. एकदा या. खुर्ची तुमाला ठेवीन. मी खाली बसून चहा पिईन, साहेब आले तरी.

तुमचा,
बन्सीधर