राजा मुरब्याच्या गाळात

२१ नोव्हेंबर १९८३

नाटक मंजूर! मुरबे गावातल्या आमच्या शाळेच्या गॅदरिंगला यंदा नुसती नाच-गाणी नाहीत, इतिहास — बखरीतल्या बिंब राजाचं आपल्या शेजारच्या माहीमला येणं. इतिहास शिकवते म्हणून लिहिणार मी. राजा कोण? मुख्याध्यापक दिनानाथ सर स्वतः! "आमचं कूळ राजाबरोबर आलेलं," म्हणाले आणि छाती अशी फुगवली की कोटाचं बटण धोक्यात.

इथे ज्याला विचारावं तो राजाबरोबरच आलेला. आधीपासून कोणी राहतच नव्हतं की काय!

२४ नोव्हेंबर

काशीबाईंनी नेमकं तेच विचारलं. मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहते. मासळी विकून आल्या की त्या ओट्यावर बसून माझं लिहिलेलं ऐकतात. आज सगळं ऐकून घेतलं, टोपली धुतली, मग म्हणाल्या, "यात आमी कुठं?"

म्हटलं, मुरब्याच्या कोळ्यांनी काय केलं याचा पुरावा मला सापडला नाही. पुराव्याशिवाय मी एक ओळही लिहिणार नाही.

"राजासंगं आले त्यांची नावं हायती. हितं हुते त्यांची नाय?"

जेवताना सुकटीचं कालवण वाढलं, पण एक शब्द नाही. फार वाईट वाटलं. पण कुठून आणू पुरावा?

२ डिसेंबर

घोडा मिळत नाही! बखरीतला राजा जमिनीवरून येतो. पालघरचा टांगेवाला म्हणतो, ढोल वाजले की जनावर उधळेल. सर म्हणाले, "मग खाडीतून होडीने येऊ. नाटक किनाऱ्यावरच करू."

"पण सर, पुरावा?"

"होडी आहे. घोडा नाही."

होडीचा प्रवेश लिहायला बसले.

९ डिसेंबर

काशीबाई एकदाच्या बोलल्या! "सतराला तेरस हाय. चारला पुरी सुकती. पाणीच नसंल, होडी येणार कशी? सकाळी करा."

तशीच सरांकडे गेले. सर म्हणतात, "पाहुणे बोईसरच्या कारखान्यातून चारलाच यायचेत. राजाने काय ओहोटी बघून यायचं?" मी पडले पालघरची. वाटलं, पाणी थोडं कमी असेल, एवढंच ना.

१३ डिसेंबर

मुकुट आला! कुंभवलीच्या वेल्डरने जाड पत्र्याचा करून दिलाय. सर तो घालून आरशासमोरून हलेनात.

१७ डिसेंबर

हसून हसून पोट दुखतंय.

चार वाजले. पाहुणे खुर्चीत, सनईची टेप सुरू, आणि समोर पाणी कुठाय? नुसता गाळ! होडी लांब अडकलेली, तिच्यात राजा तलवार उपसून उभा. टेप संपली. पुन्हा लावली. पुन्हा संपली. शेवटी सरांनी उडी मारली — मांडीपर्यंत आत! तशातही "ही भूमी आजपासून आमची!" हे वाक्य म्हणालेच. धन्य माणूस!

मला रडू फुटायच्या बेतात होतं. वर्षाची मेहनत नाही, पण महिन्याची तरी होती. तेवढ्यात काशीबाईंनी पदर खोचला. मागून आणखी बाया. गाळावर फळ्या टाकत सरसर पुढे गेल्या.

"राजा, तलवार सोड! आदी डावा पाय काड!"

सर तलवार सोडेनात. मग दोघींनी काखेत धरून उपटलाच राजा. मुकुट पडला तो गेला खाली, किती चाचपडल्या पण हाताला लागला नाही. राजाला आणून पाहुण्यांपुढे उभा केला, काशीबाईंनी त्याच्या डोक्यावर घागर रिकामी केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आता कर तुजं राज्य!"

काय टाळ्या! पाहुणे उठून उभे राहिले. "इथल्या लोकांनी हात दिला तेव्हा राजा उभा राहिला — वा! काय कल्पना आहे!"

सर निथळत म्हणाले, "आमचीच."

१८ डिसेंबर

काशीबाईंनी आज पापलेट तळलं. खाताना मधेच दोघींना हसू फुटत होतं.

२ एप्रिल १९८४

वार्षिकचे पेपर. आठवीच्या पोरांनी सर्रास लिहिलंय — "बिंब राजा चिखलात रुतला व त्यास मुरब्याच्या बायांनी बाहेर काढले." सगळ्यांना शून्य! पुरावा म्हणजे पुरावा.

काशीबाईंना सांगितलं तर डोळे वटारले. "शून्य? हात आमचे भरले हुते चिखलानं!"

२६ नोव्हेंबर १९८४

यंदा शहाणपणाने भरतीची वेळ काढली. गावकरीच ऐकेनात! "राजा गाळातनंच येतो, बाई. बायांनी वढायचा आनि पयल्या नारळाचा मान बायांचा. रीतच हाय ती." कधीची रीत? एका वर्षाची! आणि नारळ तर तेव्हा नव्हताच.

सर जुनं धोतर शोधताहेत.

११ फेब्रुवारी १९८८

मुंबईहून एक संशोधक आले होते, दंतकथा गोळा करताहेत. गावातले सगळ्यांत म्हातारे आत्मारामदादा खाटेवर बसून गंभीरपणे सांगत होते — राजा आला, गाळात रुतला, मुरब्याच्या बायांनी काढला, म्हणून पयला नारळ त्यांचा. "माज्या आज्यानं सांगितलेलं."

गृहस्थांनी सगळं उतरवून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका. याला काही पुरावा?"

काशीबाई दारात उभ्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या.

म्हटलं, "मुकुट अजून खाडीतच आहे, सर."