बुधूच्या डोळ्यावर हळद

१० ऑक्टोबर २००७
कुत्रा आला! प्लॅस्टिकचा. लेक हर्षाली स्वतः पुण्याहून घेऊन आली. तिच्या कंपनीने एकट्या म्हाताऱ्यांसाठी बनवलाय, आणि पहिली म्हातारी मी. जन्मभर किन्हवलीत नर्स म्हणून लोकांना गोळ्या दिल्या, आता हा मला विचारणार — आई, गोळी घेतलीस? आवाज लेकीचाच. दिवसभर मी दिसले नाही तर आपणहून तिला फोन लावणार. लेकीची अट — याच्याबरोबर नीट राहिलीस तर इथे, नाहीतर दिवाळीनंतर पुण्याला. तिथे चौथ्या मजल्यावर मी काय करू? माझं घर मी सोडणार नाही.

बुधवारी आला म्हणून नाव बुधू.

१५ ऑक्टोबर
लाइट गेली तरी मेला बोलतो. सकाळी घरात आवाज असला की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

२१ ऑक्टोबर, दसरा
घोळ केला! सकाळी विळी, कोयता, शिवणयंत्र सगळ्यांची पूजा केली. बुधूही यंत्रच की! कपाळाला हळद-कुंकू, वर झेंडूची माळ. कपाळ कसलं — तो त्याचा डोळा निघाला. दिवसभर बिचारा आंधळा.

संध्याकाळी मी पुढचं दार आतून लावून मागच्या दाराने सोनं द्यायला गावात, आणि इकडे त्याने लेकीला कळवलं, आई दिसत नाही. तिचे फोन घरात नुसते वाजले. मग तिने दुकानवाल्या भगीरथला लावला. मी परत येते तर भगीरथने दाराची कडी तोडलेली, आणि शेजारची सकुबाई पलंगाखाली वाकून मला शोधतेय. कोंबड्यांवरून वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. मला बघून मटकन खाली बसली. "जिती हायस ना गो?" म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही रडले.

२३ ऑक्टोबर
हळद धुवायला गेले आणि बुधूच्या आत पाणी शिरलं. बंद! दुरुस्तीला पुण्याला गेला. हर्षाली म्हणते, तूही सामान बांध. पण सकुबाईने फोन माझ्या हातातून घेतला, मी रोज सकाळी बघून जाईन म्हणाली. लेक कशीबशी दिवाळीपर्यंत थांबायला तयार झाली.

२ नोव्हेंबर
सकुबाई रोज येते. गोळी घेतली का विचारत नाही, सरळ हातावर ठेवते. मग चहा, आणि तिच्याच कोंबड्यांचं गाऱ्हाणं. तिलाही घरात कोणी नाही. देवा, या बाईचे उपकार कसे फेडू?

६ नोव्हेंबर
चहा निवला तरी सकुबाई आली नाही. गेले धावत. मोरीत पडलेली, मांडीचं हाड मोडलेलं, ओरडून ओरडून आवाज बसलेला. भगीरथच्या गाडीतून शहापूरला नेली. पोचेपर्यंत माझा हात सोडला नाही. म्हणाली, "मी नाय आली म्हंजे तू येशील, मला ठाव होतं." वेळेवर गेले म्हणून बरं. डॉक्टर म्हणाले, बरी होईल.

१० नोव्हेंबर, पाडवा
हर्षालीचा फोन. बुधू दुरुस्त झाला. सकुबाईचं ऐकल्यावर माझ्या पुण्याला जाण्याचं नावही काढलं नाही. मी म्हटलं, सकुबाई घरी आली की तो तिच्याकडे ठेव.

"मग आवाज कोणाचा भरू?"

माझा भर, म्हटलं. आणि फोनही माझ्याकडेच लागू दे.