चौथ्या खांबापुढचा बर्फ

११ जानेवारी

पहिला रोल वाया! बाराच्या बारा फोटोंवर विजा पडल्यात. खरंच — कोपऱ्यातून आत शिरलेल्या, झाडाच्या फांद्यांसारख्या पांढऱ्या रेघा. फोटोवाल्या काकांनी रोल दिव्यासमोर धरला, चष्मा कपाळावर सरकवला. "भरभर फिरवलास ना?" कोरड्या थंडीत फिल्म झटक्यात पुढे ओढली की आतल्या आत ठिणगी उडते म्हणे. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. काका म्हणतात सांगितलं होतं, मी तेव्हा खिडकीतून मांजर बघत होते. असेल.

"तुझ्या स्वभावाचा फोटो आलाय हा. फ्रेम करून लाव."

स्टुडिओत टिकून तीन आठवडे झाले. माझ्या मानाने युग. बेकरीत नऊ दिवस, रोपवाटिकेत सोळा, त्याआधी दोन वर्षं कुठे कुठे ते आठवून लिहायचं तर वही पुरणार नाही. आई म्हणते, "भटकभवानी घरी आली ती फक्त थंडी वाजली म्हणून." खरं आहे. पण तोंडावर कशाला सांगा.

१३ जानेवारी

पाणीखात्याच्या पुढच्या कॅलेंडरचं काम काकांना मिळालंय. मुखपृष्ठावर हिवाळ्यातलं तळं हवं. काकांचे गुडघे आता उतार चढत नाहीत, म्हणून फोटो मी काढायचे. आणि — हे दोनदा वाचून बघावं म्हणून सावकाश लिहिते — मुखपृष्ठ माझं झालं तर हा कॅमेरा माझा. "मग घे आणि जा, जिथे जायचं तिथे."

दिवसभर मनातल्या मनात सामान बांधत होते.

१४ जानेवारी

काका सांगतात ते लिहून ठेवते, नाहीतर परत मांजर.

बर्फ कॅमेऱ्याला फसवतो. सगळीकडे पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो बर्फ राखेसारखा मळकट करून ठेवतो. म्हणून तो सांगेल त्याहून भिंगाच्या कड्यावर एक घर जास्त उजेड द्यायचा.

घरात शिरायच्या आधी कॅमेरा पिशवीत घट्ट बांधायचा. नाहीतर काचेला घाम फुटतो.

श्वास रोखायचा. धीर धरण्यासाठी नाही, मागची काच धुरकट होते म्हणून. (धीरही धर, म्हणाले.)

दुपारी फिरू नकोस. हिवाळ्याचं सकाळचं ऊन आडवं पडतं. उभं ऊन सगळं सपाट करतं, आडव्या उन्हात मुंगी चालली तरी तिचा माग दिसतो.

१९ जानेवारी

आज बाबांच्या मागे गेले, दुसऱ्या खांबापर्यंत. लहानपणापासून बघतेय, पण नीट कधी बघितलंच नव्हतं.

बाबा पाणीखात्यात तळ्याचे राखणदार. पहाटे उठतात. तळ्यावर या काठापासून त्या काठापर्यंत सात खांब रोवलेत, त्यांच्या कडेकडेने लोकांची वाट. बाबा प्रत्येक खांबाशी गिरमीट फिरवून बर्फाला भोक पाडतात, खुणांची काठी आत सोडून जाडी बघतात. सातही ठिकाणी आठ बोटं किंवा जास्त भरली तर या काठावर पांढरं निशाण. एकाही ठिकाणी कमी पडली तर लाल. मग पलीकडच्या गिरणीवर जाणारे आणि शाळेतली पोरं लांबच्या पुलावरून जातात, आणि वाटेत बाबांच्या नावाने खडे फोडतात.

सोळा वर्षं. सोळा वर्षं एकच वाट! मी असते तर दुसऱ्या मंगळवारी वेडी झाले असते.

मला बघून म्हणाले, "टोपी कुठाय?" बाकी काही नाही. मी गेले तेव्हापासून आमचं बोलणं टोपी, जेवण, दार लाव एवढंच.

२४ जानेवारी

ढग. काही नाही. बोटं बधिर. फिल्म मात्र इतकी हळू फिरवली की मधेच एक डुलकी काढता आली असती.

३० जानेवारी

रात्री भुरभुर बर्फ पडला, सकाळी आभाळ लख्ख. बांधावर चढून बसले. बाबा परत येऊन निशाण चढवत होते आणि ऊन नेमकं तेव्हा डोंगराच्या खाचेतून आलं. एकच काढला. दुसरा काढायची इच्छाच झाली नाही. असं मला याआधी कशाचंच झालेलं नाही.

३१ जानेवारी

फोटो आला. काका म्हणाले, "हे मुखपृष्ठ. काय पावलं उठलीत गं!"

उठलीत खरी. मी सुकायला टांगलेल्या कागदाकडे बघत राहिले. उजवं पाऊल गोल, स्वच्छ. डावं पाऊल नाहीच — डाव्या बाजूला नुसती फरफटलेली रेघ. आणि ती वाट चौथ्या खांबाला वळसा घालून परत फिरते. पाचवा, सहावा, सातवा — तिथला बर्फ अस्पर्श. चिमणीचासुद्धा पाय नाही.

आणि पुढे, डाव्या कोपऱ्यात, बाबा पांढरं निशाण चढवताहेत.

काकांना फक्त ऊन दिसलं. मी म्हटलं, "दोन दिवस माझ्याकडे ठेवू?" "ठेव. पण खात्यात वीस तारखेला द्यायचाय."

पाणीखात्यातल्या प्रत्येक टेबलावर हे कॅलेंडर असतं.

१ फेब्रुवारी

बाबांबरोबर निघाले. फोटो काढायचेत म्हटलं. चौथ्या खांबाशी ते थांबले, गिरमिटावर भार टाकून उभे राहिले. मी विचारलं, "पुढे?"

"पुढचं ठाऊक आहे. चौथ्याला बारा भरलं की तिकडे दहाच्या खाली येत नाही. इतकी वर्षं काय गवत उपटलं?"

मी त्यांच्या हातातून गिरमीट घेतलं. दिलं त्यांनी. पाचव्याला अकरा. सहाव्याला नऊ. सातव्याला —

पाच.

काठी पुसून परत सोडली. पाचच. तिथे खालून झरा वाहतो की काय कोण जाणे. परत येऊन आकडा सांगितला. काठापर्यंत आलो, त्यांनी लाल चढवलं. गिरणीवाला घसरगाडी ओढत येतच होता, म्हणाला, "काय हो, आज कडेवर घेऊन जाणार का आम्हाला?" बाबा हसले. त्यांचा हात दोरीवरून निघत नव्हता.

२ फेब्रुवारी

बाबांचा डावा पाय कधीपासून असा फरफटतोय, ते आईलाही माहीत नव्हतं. "मला म्हणाले बूट घट्ट झालेत. मी नवे आणून दिले." एवढं बोलून ती कपड्यांच्या घड्या मोडून परत घालत बसली.

९ फेब्रुवारी

रोज जाते. पुढचे तीन खांब माझे. खात्याला पत्ता नाही. बाबा चौथ्याशी उभे राहून बघतात. आज ओरडले, "गिरमीट सरळ धर!" आठ दिवसांतलं सगळ्यात लांब वाक्य.

असंच चालू दिलं तर निभेल. कुणाला कळणार नाही. आणि मी? मार्चपर्यंत, की पुढचा हिवाळा, की सोळा वर्षं?

१८ फेब्रुवारी

काकांना दुसरा फोटो दिला. तारांवर साठलेला बर्फ, मागे तळं. त्यांनी बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"हा बरा आहे. तो चांगला होता."

"तो खराब झाला."

"असं," म्हणाले. कॅमेरा कपाटात ठेवला, पण कुलूप नाही लावलं. हा चालला तर चालला, नाहीतर जुनंच चित्र पुन्हा छापतील.

१९ फेब्रुवारी

तो फोटो आणि त्याची फिल्म, दोन्ही बाबांपुढे ठेवलं. "तुमचं आहे. शेगडीत घाला नाहीतर ठेवा."

चष्मा शोधला, लावला. खूप वेळ बघितलं. माझ्या कुठल्याच गोष्टीकडे त्यांनी इतका वेळ बघितलेलं नाही. मग म्हणाले, "छान काढलायस." आणि आत गेले. शेगडीचं झाकण वाजलं.

२० फेब्रुवारी

बाबा आज बर्फावर गेले नाहीत. पहाटेच लाल चढवून आले, ठेवणीतला कोट घातला, मला म्हणाले, "चल." पाणीखात्यात साहेबांच्या टेबलावर त्यांनी आतल्या खिशातून फोटो काढून ठेवला, चौथ्या खांबावर बोट टेकवलं. "इथून पुढे मी गेलो नव्हतो, साहेब."