बिशपांचं पत्र आणि आमची लॉन्ड्री

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. (तू फादर झालास म्हणून आशीर्वाद उलट्या दिशेने वाहायला लागत नाहीत, हे लक्षात असू दे.)

रविवारी चर्चमध्ये बिशपांचं पत्र वाचून दाखवलं. कामगारांना युनियन करण्याचा, मालकासमोर एकत्र बसून बोलणी करण्याचा हक्क आहे आणि चर्च त्यांच्या पाठीशी उभं आहे, असं त्यात होतं. ‘वस्तुतः’ तिसऱ्यांदा आलं तेव्हाच ओळखलं की बिशपांची फक्त सही आहे, मजकूर तुझा. तू त्यांच्याकडे नुसतं टपाल फोडतोस असं मी शेजारणीला सांगत असे. शब्द मागे घेते.

ज्या कामगारांना बसायला जागा नाही त्यांना चर्चचा हॉल उघडून द्यावा, असंही तू लिहिलं होतंस. ते नदीपलीकडच्या बाटल्यांच्या कारखान्यासाठी होतं हे सगळ्यांना कळलं. पण जागा आम्हालाही नव्हती, म्हणून लॉन्ड्रीतल्या आम्ही सगळ्या किल्ली मागायला गेलो. इथले फादर नवीन आहेत. त्यांनी हौसेने किल्ली दिली, खुर्च्याही मांडू लागले. निम्म्या मांडून झाल्यावर त्यांनी विचारलं, बाटल्यांच्या कारखान्यात इतक्या बायका कधीपासून लागल्या. आम्ही चर्चच्याच इस्पितळातल्या चादरी धुतो असं सांगितलं, तेव्हा त्यांना एकदम कुणा आजाऱ्याला भेटायला जायचं आठवलं.

तर युनियन झाली. सेक्रेटरी मी. अभिनंदनाचं पत्र येऊ दे.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवताना उघडलं, त्यामुळे जेवण राहिलं.

ताई, बिशपांच्या पत्रात तत्त्व सांगितलं आहे. इस्पितळाचं वेगळं असतं. तो काही कारखाना नव्हे, ती सेवा आहे. तिथे मालक कुणी नाही, फक्त ट्रस्ट आहे. त्या ट्रस्टचा चिटणीस नुकताच मी झालो, हे तुला कळवायचं राहून गेलं. इस्पितळ सांभाळणाऱ्या मोठ्या सिस्टर फार दुखावल्या आहेत. आपण सगळे एक कुटुंब असताना युनियन कशाला, असं त्या म्हणतात. तू एकटी जाऊन त्यांना भेट आणि काय हवं ते गोडीने माग. तुझ्यासमोर टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ माझ्यावर आणू नकोस.

खरं सांगू? लिहिताना लॉन्ड्री माझ्या डोक्यातच आली नाही. इथे कुणाच्याच आली नाही. चादरी पांढऱ्या होऊनच समोर येतात ना.

तुझ्या रागात थोडी माया शिल्लक ठेव.
तुझा धाकटा

२५ फेब्रुवारी

चि. चिटणीससाहेबांस,
अ. उ. आ.

कुटुंब म्हणतोस ते अगदी पटलं. आपल्या घरात कप तू फोडायचास आणि पाठीत धपाटा मला मिळायचा. इथे तीच सोय आहे.

चादरी पांढऱ्या कशा होतात ते तुझ्या माहितीसाठी कळवते. गाठोडी येतात ती रक्ताची, ओकारीची, कधी आत सुईसुद्धा असते. ते हाताने निवडून ड्रममध्ये टाकायचं. धुतलं की ओली चादर इस्त्रीच्या रोलरमध्ये सारायची. तिची दोन टोकं दोघींनी धरायची असतात. मोठ्या सिस्टरांनी काटकसर म्हणून एक बाई कमी केली. आता एकटीने दोन्ही टोकं सांभाळायची म्हणजे रोलरवर ओणवं व्हावं लागतं. मंगळवारी मावशीची बोटं चादरीबरोबर आत गेली. मावशी आमच्यातली सगळ्यात जुनी, तू तिला चर्चमध्ये पाहिलं आहेस. मोठ्या सिस्टरांनी तिच्यासाठी प्रार्थना ठेवली. रोलरवर दुसरी बाई मात्र ठेवली नाही.

मला शिस्तभंगाबद्दल मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं आहे. मार्चअखेर युनियन सोडली नाही तर नोकरी जाईल, असं सुनावलंय. एकटी जाऊन भेट म्हणतोस. मावशीची बोटं शाबूत होती तेव्हा मी एकटीच भेटले होते रे. अगदी गोडीने.

तेव्हा टेबलाच्या पलीकडे येऊन बस. नाहीतर पुढच्या रविवारी पत्र मागे घ्या, तितक्याच खणखणीत आवाजात. आम्ही पुढच्या बाकावर बसून ऐकू.

माया शिल्लक आहे, पण सध्या मळक्या कपड्यांखाली सापडत नाही.
तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात मी तिकडे येऊन गेलो, तुला न भेटता. तोंड दाखवायची लाज वाटली. मावशीचा हात पाहिला. मग लॉन्ड्रीच्या दारात उभा राहून रोलर पाहिला.

काल ट्रस्टची सभा झाली. कुणाचा आहे ते न सांगता मी एक मजकूर वाचला, कामगारांच्या हक्कांचा. ट्रस्टींचे चेहरे पाहण्यासारखे झाले. एक म्हणाले, ही भाषा भडकवणारी आहे. दुसऱ्यांनी पोलिसांना कळवायचं सुचवलं. स्वतः बिशप म्हणाले, असली माणसं चर्चच्या आसपास फिरकता कामा नयेत. मग मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी आपली सही चष्मा लावून पाहिली, चष्मा काढून पाहिली. त्यानंतर बराच वेळ सगळे पाणी पीत होते.

ठराव झाला. ट्रस्ट युनियनशी बोलणी करणार. तुला रोलरवर परत घेतलं आहे. जेवणानंतर आणखी एक ठराव झाला. माझी प्रकृती नाजूक आहे असं सर्वांच्या ध्यानात आलं, तेव्हा एप्रिलपासून माझी बदली पार टोकाच्या मिशनवर. तिथे ना ट्रस्ट, ना इस्पितळ, ना बोलायला माणूस. हवा चांगली आहे म्हणे.

आता तरी चांगलं चार शब्दांचं पत्र पाठव.
तुझा धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चार शब्द मागतोस? शाबास, गाढवा. हे दोनच झाले, पण मनापासून आहेत.

आमच्या मागण्या ट्रस्टकडे गेल्या. प्रत्येक रोलरवर दोघी जणी. हातमोजे. मावशीला पूर्ण पगारावर बसून करायचं काम. जे बोलायचं ते युनियनशी. आणि शेवटची मागणी, तुझी बदली रद्द. ही मावशीने घातली. मी विरोध केला, पण तो कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या बेताने केला.

बिशप जातीने आले. पहिल्या सगळ्या मागण्या मान्य, शेवटची नाही, म्हणाले. फादर कुठे राहतील हा बोलणीचा विषयच नव्हे. सगळ्या नाहीत तर एकही नाही, असं सांगून आम्ही उठलो. त्यांच्या तोंडावर मोठं समाधान नव्हतं.

तू सामान बांधू नकोस. माया सापडली, सोबत पाठवते.
तुझी ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सही करून टाका. तुम्ही अडून बसल्या आहात आणि रोलरसमोर अजून एकटीच बाई ओणवी उभी आहे. उद्या दुसरीची बोटं गेली तर ती माझ्या बदलीपायी जातील.

शिवाय मी युनियनचा सभासद नाही, तेव्हा माझी वकिली नियमात बसत नाही. एवढा शूर मी नाही, ताई. तिथे जायची मला भीती वाटते. तरी सही करा.

माझ्यावरचा लोभ या वेळी बाजूला ठेव.
तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी हॉलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. बायका तुझ्यावर चिडल्या. मग मतदान घेतलं. शेवटची मागणी सोडू नये म्हणून मावशीने पट्टी बांधलेला हात वर केला, तिच्याबरोबर पुष्कळ हात गेले. सोडावी म्हणणारेही तेवढेच निघाले. मी सेक्रेटरी, माझं मत राहिलं होतं. सगळ्या माझ्याकडे बघत बसल्या. मावशी म्हणाली, तू सख्खी बहीण आहेस, तू मत दिलं नाहीस तरी कुणी बोल लावणार नाही.

आज सकाळपासून रोलरवर दोघी उभ्या आहेत. चादर कशी झरझर जाते. मी मात्र सारखी डोळे पुसत होते आणि वाफेवर ढकलत होते.

बिशपांकडून तुला नुसता निकाल कळेल. बाकीचं दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी लिहिते आहे. तुझी बदली होऊ द्यावी, या बाजूने शेवटचा हात माझा वर गेला.

तुझी ताई