जुन्या मोंढ्यातला हमाल

बाबा,

आपला जुना मोंढा आता तुम्हाला ओळखू यायचा नाही. धान्याचा बाजार गावाबाहेर गेला त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी त्या रिकाम्या जागेचं सुशोभीकरण निघालं आणि रहिवाशांची बैठक बोलावली. निवृत्त मास्तरीण म्हणून मलाही निरोप आला. एका साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. रंगीत फरशी, कारंजं, आइस्क्रीम खाणारी माणसं. "बाजारपेठ पुन्हा जिवंत होईल," ते म्हणाले. मी हात वर केला. "साहेब, ह्यात हमाल कुठं बसलेत?" ते हसले. "मॅडम, हमालाचा पुतळाच बसवतोय की!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा, मी काही सुधारणेच्या विरोधात नव्हते. भर चिखलात तुम्ही तुरीचं पोतं घेऊन घसरलात, तो दिवस मी कशी विसरेन? मी तुमची भाकरी घेऊन आलेय. तुम्ही गुडघा धरून बसलाय आणि मी रडत रडत सांडलेली तूर फ्रॉकच्या ओच्यात गोळा करतेय. तुम्ही माझ्यावरच खेकसलात, "तूर ऱ्हाऊ दे! साळंला जा आधी, घंटा झाली आसंल." दिवसभर मी तुमच्यावर रुसून होते. संध्याकाळी लंगडत घरी आलात आणि आईला म्हणालात, "ह्यो रस्ता एकदा पक्का होऊ दे. मग बघ मोंढा कसा चालतोय."

रस्ता पक्का झाला, पण तोवर मोंढाच उठला होता.

उद्घाटनाला बँड वाजला. महिनाभर गर्दी झाली. ज्यूसचं एक दुकान निघालं आणि बंद पडलं. आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, तिथं कारंजं कुठलं चालतंय? लिंबाखाली चहा विकणाऱ्या मावशीला मागच्या बोळात बसवलंय, तिकडं कुणी फिरकत नाही. ही सगळी शोभा नेमकी कुणासाठी केली, ते मला अजून कळलेलं नाही.

मागच्या रविवारी मी तिकडं गेले होते. पुतळ्याच्या ओट्यावर एक म्हातारा हमाल टेकला होता. वॉचमन त्याला म्हणाला, "ओ काका, उठा. फोटो काढायची जागा हाय ही."

"उठतो की," म्हातारा म्हणाला. "माझ्यासारख्याचाच फोटो काढून ऱ्हायलेत न्हवं?"

मला राहवलं नाही. "बसू द्या त्यांना," मी म्हणाले. "माझे वडील इथंच हमाल होते."

वॉचमन गुमान बाजूला झाला. हे वाक्य मी चारचौघांत पहिल्यांदाच बोलले होते. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. नोकरीच्या सगळ्या वर्षांत कुणी विचारलं, तर मी "वडील मोंढ्यात होते" एवढंच सांगायचे. ऐकणारा तुम्हाला व्यापारी समजायचा. मी समजू द्यायचे.